विद्येच्या वाटेवर : डॉ. इरावती कर्वे

गतवर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीनंतर एका सभासदांनी आम्हांस बाजूस घेऊन आपली चिंता सांगितली. त्यांची कन्या उत्तम गुणांनी पदवीधर झाली होती. परंतु पुढे मानवशास्त्रच शिकावयाचे, असा तिने हट्ट धरला होता. विषय कोणता, तो शिकविणारी विद्यापीठे कोणती, त्यांपैकी कोणत्या विद्यापीठात जावे आणि परदेशी गेलेच तर कोणत्या गुरूच्या हाताखाली राहावे, हे प्रश्न घरात रोज निघत होते. आम्ही पडलो बी. ए. पर्यंत शिकलेले सरकारी नोकर. फायलींवर शेरे मारण्यात हयात गेलेल्या माणसाने याविषयी काय सल्ला द्यावा? आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, याच वाटेने सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक मराठी मुलगी गेली होती. तिने काय केले ते आम्ही वाचून सांगू. त्या वाचनातून हा लेख झाला. स्मरणिकेच्या संपादकांनी तो मागून घेतला, त्यामुळे त्या गृहस्थांच्या आधी तो आता सर्वांच्याच हाती पडत आहे.

इरावतीबाई कर्वे यांचे नाव मराठी वाचकाला ‘युगान्त’मुळे ठाऊक असते. महाभारतातील व्यक्तींकडे डोळस दृष्टीने पाहणारे ते पुस्तक १९६७ साली प्रसिद्ध झाले आणि त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कारही लाभला. पण लेखिका ही त्यांची एक बाजू झाली. त्यांचा खरा व्यवसाय मानवशास्त्रज्ञाचा, आणि त्या व्यवसायापर्यंत त्या ज्या वळणांनी पोहोचल्या ती वळणे आम्हांस अधिक विचार करावयास लावणारी वाटतात.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात मिंज्यान या गावी झाला. ब्रह्मदेश त्या काळी हिंदुस्थानच्या राज्यकारभारातच मोडत असे. वडील गणेश हरी करमरकर तेथे एका कापूस कंपनीत नोकरीस होते. इरावती ही त्या देशाची महानदी. तिचेच नाव मुलीला मिळाले. परमुलखात नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबाने तेथील नदीचे नाव आपल्या लेकीला द्यावे, याचे मर्म आपल्या मंडळाच्या सभासदांना वेगळे समजावून सांगावयास नको. आपल्यापैकी कित्येकांच्या मुलांची नावे अशीच बदलीच्या गावांची आठवण ठेवून आहेत.

भावंडांत ही एकटी मुलगी. शिक्षणासाठी सातव्या वर्षी तिला समुद्रापार पुण्यास पाठवून हुजूरपागेच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. सात वर्षांची मुलगी, आईवडील समुद्रापलीकडे, आणि भाषा आपलीच असली तरी गाव परके. त्या शाळेत शकुंतला परांजपे ही तिच्या वयाची मुलगी भेटली. शकुंतलेचे वडील म्हणजे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते प्रथम आले होते. त्यांच्या पत्नीने इरावतीला आपल्या घरी आणून दुसऱ्या मुलीप्रमाणे वाढविले. रँग्लर परांजपे कट्टर बुद्धिवादी होते. देवधर्म त्यांच्या घरात नव्हता, पुस्तके मात्र भरपूर होती. एखादी गोष्ट मोठ्याने सांगितली म्हणून मानावयाची नाही, ही सवय त्या घरात लागली असावी. पुढील आयुष्यात ती त्यांना दोनदा फार उपयोगी पडली. ते प्रसंग ओघाने येतील.

१९२६ साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन इरावतीबाई बी. ए. झाल्या. दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. त्या काळी हिंदुस्थानात माणसाचा व समाजाचा शास्त्रीय अभ्यास शिकविणारी ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. कलकत्ता विद्यापीठात १९२० पासून मानवशास्त्राचे पदव्युत्तर वर्ग चालत. लखनौला राधाकमल मुखर्जी अर्थशास्त्राच्या जोडीने समाजशास्त्र शिकवीत. मुंबईस पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाने १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू केला होता आणि १९२४ पासून त्याची धुरा डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली होती. इरावतीबाईंनी मुंबई निवडली.

घुर्ये यांची कथाही येथे थोडी सांगितली पाहिजे, कारण शिक्षणस्थळ बदलण्याचे धैर्य कसे असते हे तीवरून कळते. मालवणचे घुर्ये मूळचे संस्कृतचे. गेडिस यांच्या शिफारशीने ते लंडनला एल. टी. हॉबहाउस यांच्याकडे समाजशास्त्र शिकण्यास गेले. तेथे मन रमेना, म्हणून ते केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले. हे रिव्हर्स म्हणजे निलगिरीच्या तोडा जमातीवर ग्रंथ लिहिणारे. गुरू मनासारखा मिळाला खरा, पण १९२२ साली रिव्हर्स अकस्मात वारले आणि घुर्ये यांना ए. सी. हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध पुरा करावा लागला. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या पालकांनी ही हकीकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विद्यापीठाची इमारत जागची हलत नाही. ज्या गुरूसाठी आपण तेथे जातो तो मात्र उद्या तेथे असेलच, याची हमी कोणी देत नाही.

घुर्ये यांच्या हाताखाली इरावतीबाईंनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला आणि १९२८ साली त्या एम. ए. झाल्या. दरम्यान त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला होता. दिनकरराव हे महर्षी कर्वे यांचे चिरंजीव. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्यही झाले. त्यांनी स्वतः जर्मनीत डॉक्टरेट मिळविली होती, आणि पत्नीनेही तेथेच जावे असे त्यांना वाटले.

येथे एक अडचण आली आणि ती अनपेक्षित दिशेने आली. ज्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले, १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले, त्या महर्षी अण्णांनाच सुनेने परदेशी जाणे पसंत नव्हते. थोरांच्या चरित्रातील अशा जागा आपण सहसा गाळून पुढे जातो. आम्हांस त्या गाळाव्याशा वाटत नाहीत. समाजासाठी एक नियम आणि घरासाठी थोडा निराळा, हे तुमच्या-आमच्या घरांतही चालतेच. दिनकररावांनी वडिलांशी वाद वाढविला नाही, पण बेतही सोडला नाही. काँग्रेसचे डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ च्या नोव्हेंबरात इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

बर्लिनच का, हा प्रश्न आज कोणीही विचारील. त्याच वर्षी अमेरिकेत मार्गारेट मीड यांचे सामोआ बेटावरील मुलींविषयीचे पुस्तक गाजत होते आणि त्यांचे गुरू फ्रान्झ बोआस कोलंबिया विद्यापीठात वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांवर घणाघात करीत होते. लंडनमध्ये मॅलिनोव्स्की यांचा बोलबाला होता. पण १९२८ सालच्या पुण्याहून जग असे दिसत नव्हते. जर्मन विज्ञानाचा दबदबा मोठा होता, राज्यकर्त्या इंग्रजांच्या देशाबाहेरचे ते मोठे विद्यापीठ होते, आणि मुख्य म्हणजे पतीला तो देश व ती भाषा माहीत होती. घरातील कोणी आधी गेलेले असले की पुढचा तेथेच जातो. आजही आपली मुले मावसभाऊ ज्या गावी असेल त्याच गावच्या महाविद्यालयाचा अर्ज आधी भरतात, त्यातलाच हा प्रकार.

बर्लिनच्या दाहलेम या उपनगरात कैसर विल्हेल्म संस्थेने १९२७ मध्ये मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांसाठी एक नवे संशोधनालय उघडले होते. त्याचे संचालक ऑयगेन फिशर. जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतील, म्हणजे आजच्या नामिबियातील, मिश्र वंशाच्या लोकांवर १९१३ साली त्यांनी ग्रंथ लिहिला होता आणि वंशसंकराला त्यांचा विरोध होता. इरावतीबाई या गृहस्थांच्या विद्यार्थिनी झाल्या. विद्यापीठात त्यांनी संस्कृत, तत्त्वज्ञान आणि प्राणिशास्त्र हे विषयही अभ्यासले. परंतु प्रबंधाचा विषय फिशर यांच्या क्षेत्रातला होता : मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील स्वाभाविक असमानता.

हा विषय वरवर कोरडा वाटतो. त्यामागे एक डाव होता. गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा कपाळाकडील भाग एका बाजूस अधिक वाढलेला असतो, म्हणून त्याची कवटी अधिक असमान भरते, आणि हीच त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण होय, असे फिशर यांचे अनुमान होते. ते मोजमापांनी सिद्ध व्हावे ही अपेक्षा. इरावतीबाईंपुढे संस्थेतील कवट्या ठेवल्या गेल्या. त्यांत युरोपीय होत्या, तशाच जर्मनीच्या आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्याही होत्या. त्यांनी एकूण १४९ कवट्यांची डावी-उजवी मापे घेतली. मोजणी पुरी झाल्यावर उत्तर निघाले ते असे, की कवटी कमी-अधिक असमान असते हे खरे, पण त्याचा वंशाशी काही संबंध दिसत नाही.

सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला या प्रसंगाचे वजन ठाऊक असते. साहेबांना कोणता अहवाल हवा आहे हे माहीत असताना, आकडे निराळे सांगत आहेत म्हणून निराळा अहवाल सादर करणे सोपे नाही. येथे तर विशीतली एक परदेशी विद्यार्थिनी, डोक्यावर कर्ज, सासऱ्यांची नापसंती मागे ठेवून आलेली, आणि पदवी देणे न देणे त्याच साहेबांच्या हाती. तरीही त्यांनी आलेले उत्तर जसेच्या तसे लिहिले. पदवी मिळाली, गुण मात्र बेताचेच पडले. प्रबंध १९३१ साली छापून निघाला.

फिशर यांचे पुढे काय झाले हेही सांगावयास हवे. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये ते बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवू लागले आणि त्यांच्या संस्थेचे ज्ञान सक्तीच्या नसबंदीपासून पुढच्या भीषण गोष्टींपर्यंत राबविले गेले. इरावतीबाई तेव्हा भारतात परतल्या होत्या. २०१४ साली दाहलेममध्ये त्या जुन्या संस्थेच्या इमारतीजवळ खोदकाम चालू असता मानवी अस्थींचे तुकडे सापडले. पुढच्या उत्खननात त्यांची संख्या हजारांच्या घरात गेली, आणि २०२३ मध्ये त्या अस्थींचे तेथीलच एका स्मशानभूमीत विधिवत दफन झाले. ज्या कवट्यांवर मापाचे कंपास लावले गेले त्या कोणाच्या, कोणत्या मार्गाने तेथे आल्या, हा प्रश्न १९२८ साली फारसा कोणी विचारीत नसे. इरावतीबाईंनी मापांशी प्रामाणिकपणा राखला. वस्तूंच्या त्या संग्रहाकडे मात्र त्यांनी त्या काळच्या शास्त्राच्याच डोळ्यांनी पाहिले, आणि शरीरमापनाचा नाद त्यांना पुढेही दीर्घकाळ राहिला. आजचे मानवशास्त्र ती पद्धत मागे टाकून आले आहे. आदर राखूनही हे लिहिले पाहिजे.

मायदेशी आल्यावर १९३१ ते १९३६ या काळात इरावतीबाई मुंबईस महिला विद्यापीठाच्या निबंधक होत्या. बर्लिनची डॉक्टर टेबलावर टपाल पाहू लागली! असो, आमच्या या उद्गारात स्वानुभवाची थोडी कुरकुर मिसळली आहे, वाचकांनी ती सोडून द्यावी. सुदैवाने १९३९ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज नव्या रूपाने उघडले. १८२१ मध्ये स्थापन झालेल्या पाठशाळेचा वारसा सांगणारे ते महाविद्यालय १९३४ मध्ये बंद पडले होते. आता ते पदव्युत्तर शिक्षण व संशोधनाची संस्था झाले. हसमुख धीरजलाल सांकळिया पुरातत्त्वासाठी आले, सुमित्र मंगेश कत्रे भाषाशास्त्रासाठी, आणि समाजशास्त्रासाठी इरावतीबाई आल्या. येरवड्याच्या त्या झाडीत त्यांनी उरलेली हयात घालविली.

या संस्थेचा मोठा गुण असा की, शेजारच्या खोलीतील माणूस निराळ्या शास्त्राचा होता. सांकळियांना गुजरातेत लांघणज येथे अश्मयुगीन वस्तीच्या उत्खननात मानवी सांगाडे मिळाले, तेव्हा ते पाहण्यास-तपासण्यास इरावतीबाई त्यांच्याबरोबर होत्याच. भाषाशास्त्राच्या सहवासातून त्यांचा दुसरा मोठा उद्योग फळास आला. भारतातील निरनिराळ्या भाषांमधील नात्यांचे शब्द त्यांनी गोळा केले. काकाला काय म्हणतात, मामाला काय, सासऱ्याला आणि मामाला एकच शब्द आहे की दोन, अशी ही पाहणी. वेदांपासून महाभारतापर्यंतच्या ग्रंथांतील आप्तसंबंध त्यांनी त्यास जोडले आणि १९५३ साली भारतातील आप्तसंबंधव्यवस्थेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला. देशाचे त्यांनी चार विभाग कल्पिले : उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व.

हा ग्रंथ महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने अवश्य चाळावा, कारण त्यात त्याच्या रोजच्या अनुभवाची उकल आहे. उत्तरेकडील शेजाऱ्याला आपल्याकडे मामाची मुलगी करतात असे सांगितले की तो कानांवर हात ठेवतो. दक्षिणेकडील शेजाऱ्याला त्यात काहीच वावगे वाटत नाही, उलट काही जातींत मामाभाचीचे लग्नही होते असे तो सांगतो. इरावतीबाईंनी दाखविले की, उत्तरेत मुलगी दूरच्या गावी, अनोळखी घरी दिली जाते. म्हणून तेथे लेक आणि सून यांच्या वागण्यात जमीन-अस्मानाचे अंतर, सासरी घुंगट आणि माहेरी मोकळीक. दक्षिणेत सासर बहुधा आधीच्याच नात्यातले, त्यामुळे ते अंतर कमी. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये. अनेक जातींत मामेबहीण चालते, पण आतेबहीण चालत नाही. आपल्या लग्नाच्या बोलण्यांत परप्रांतीय व्याही आले की जे घोटाळे होतात, त्यांची मुळे कोठे आहेत हे या मांडणीवरून कळते.

या कामासाठी त्यांनी देशभर प्रवास केला. संस्थेकडे पैसा थोडा असे. कर्नाटकात, ओरिसात, जेथे जमेल तेथे जाऊन मापे घेणे, माहिती लिहून घेणे, मिळेल तेथे मुक्काम करणे. पुण्यात त्या स्कूटरवरून फिरत, आणि तशा फिरणाऱ्या त्या तेथील पहिल्याच स्त्री असे सांगितले जाते. मंगळसूत्र-कुंकू त्या लावीत नसत. पतीला त्या ‘दिनू’ अशी एकेरी हाक मारीत, हे तर त्या काळी सदाशिव पेठेत चर्चेला पुरून उरणारे होते. पंढरीच्या वारीबरोबर मात्र त्या पायी चालल्या. वारीवर त्यांनी लिहिलेल्या लेखात भक्तीचा ओलावा आहे, आणि एकाच विठ्ठलाच्या वाटेवर दिंड्या जातीजातींनी वेगळ्या चालतात याची खंतही आहे. बुद्धिवादी घरात वाढलेल्या बाईंनी ही दोन्ही सत्ये एकत्र सांभाळली, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते.

आता दुसरा प्रसंग. घुर्ये यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मत मांडले होते की, जातिव्यवस्था ही गंगेच्या खोऱ्यातील ब्राह्मणी आर्य संस्कृतीत जन्मली आणि तेथून देशभर पसरली. इरावतीबाईंना महाराष्ट्रातील पाहणीत निराळे दिसले. कुंभार म्हणून एकच नाव असले तरी त्यांच्यात अनेक गट. कोणाचे चाक मोठे, कोणाचे लहान, घडविण्याची रीत निराळी आणि बेटीव्यवहार नाही. ब्राह्मणांतही तसेच. मग एका मूळ जातीचे तुकडे झाले, की मुळातच वेगळे असलेले गट एका नावाखाली शेजारी येऊन बसले? १९६१ च्या हिंदू समाजावरील पुस्तकात त्यांनी दुसऱ्या बाजूने कौल दिला. जात म्हणजे विस्तारलेला आप्तगट, असे गट आर्यांच्या आधीपासून होते आणि वर्णाची चौकट त्यांवर मागाहून बसविली गेली, असे त्यांचे म्हणणे. कैलाशचंद्र मल्होत्रा या विद्यार्थ्यासमवेत महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ ब्राह्मण गटांची शारीरिक तुलना करून तो शोधनिबंध त्यांनी १९६८ साली प्रसिद्ध केला. बर्लिनच्या गुरूविरुद्ध आकडे ठेवले होते, तसेच ते मुंबईच्या गुरूविरुद्धही ठेवले. घुर्ये यांनी आपले मत सोडले नाही. या वादाचा निकाल अजूनही पूर्ण लागलेला नाही. आनुवंशिकीचे नवे संशोधक आपल्या प्रयोगशाळांतून त्याच प्रश्नाकडे पुन्हा वळत आहेत.

मानवशास्त्राचे शिक्षण घेण्यासाठी ज्यांना दोन देश फिरावे लागले, त्यांनी पुण्यात त्या विषयाचे दार उघडून दिले. डेक्कन कॉलेजातील विद्यार्थी तर त्यांच्या हाताखाली तयार झालेच, शिवाय पुणे विद्यापीठातील मानवशास्त्र विभागाची मुहूर्तमेढही त्यांचीच. आजची विद्यार्थिनी अर्ज भरताना ज्या यादीवरून बोट फिरविते, तीत पुणे हे नाव दिसते. शंभर वर्षांपूर्वीच्या यादीत ते नव्हते.

त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी हे होय. कन्या जाई निंबकर यांच्यासह त्यांनी ती केली आणि १९६९ साली ती प्रसिद्ध झाली. आपण दिवे लावले, कारखाने चालविले, आणि ज्यांची गावे पाण्याखाली गेली ते कोठे गेले, त्यांना जमीन मिळाली का, देव कोठे बसविले, नातीगोती तुटली का, हे घरोघर जाऊन विचारण्याचे काम साठी उलटलेल्या या विदुषीने केले. पुढल्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९७० रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘गंगाजल’ हा त्यांचा लेखसंग्रह त्यानंतर दोन वर्षांनी छापून आला.